पांढरा ओटा

भागा मुकादमीण सरकी दाताखाली धरायची आणि डोळे मिटायची. कट असा आवाज आला तर कापूस कोरडा. आवाज न होता सरकी चेपली गेली तर ओला, मग गाडी कितीही लांबून आलेली असो, परत. परत पाठवण्याची तिची रीत ठरलेली होती. चावलेली सरकी ती गाडीवानाच्या पायाशी थुंकायची आणि म्हणायची, "पाणी इकायचं तर हिरीवर जा. हितं कापूस घेत्यात."

कडा गावाबाहेर, नगरला जाणाऱ्या वाटेवर कापसाची सरकी काढून रुई करणारे ते जिनिंग होते. निजामाची हद्द तिथून फार लांब नव्हती. दाबून बांधलेल्या रुईच्या गासड्या बैलगाड्यांवर चढत, करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर नाकेदार त्या मोजून घेई आणि मग त्या इंग्रजी मुलखात नगरच्या स्टेशनवर जात. तिथून मुंबई, आणि मुंबईहून जहाजाने विलायत. गासड्यांवर जिनिंगची छाप आणि आकडा घालणे आणि बायांची हजेरी लिहिणे हे माझे काम होते. माझे टेबल ओट्याच्या टोकाला होते, त्यामुळे मुकादमीण दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असे.

ओटा म्हणजे पत्र्याखालचा लांबलचक दगडी चौथरा. त्यावर चाळीसेक बाया दोन रांगांत बसून कापूस निवडत. पाला, काडी, माती काढायची, आणि मुख्य म्हणजे कवडी काढायची. किडीने पिवळी पडलेली, अर्धवट फुटलेली बोंडे म्हणजे कवडी. कवडीची रुई विलायतेत खपत नाही. तिची बारदाने ओट्यामागे पडत आणि ती इथल्याच बाजारात जात: साळ्यांकडे, मोमिनांकडे, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांकडे.

भागाबाईचे गाव कोणाला माहीत नव्हते. जिनिंगची चिमणी बांधताना ती विटा वाहायला आली, तेव्हाच विधवा होती, एवढेच जुने लोक सांगत. ती बॉयलरच्या मागच्या खोलीत राहायची. हंगाम संपला, बाया आपापल्या गावी गेल्या, चौकीदारसुद्धा शेतावर गेला, तरी ती तिथेच असायची. एकदा मी सहज विचारले, "बाई, तुम्ही जात नाही कुठं?" ती म्हणाली, "ओटा कुठं जातो?"

कवडी ओळखण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. मुंबईहून खरेदीदाराचा पारखी वर्षातून दोनदा यायचा, तोही तिला समोर बसवल्याशिवाय मालावर बोलत नसे. बायांना ती नावाने हाक मारत नसे, गावाने मारायची. "ए लिंबागणेश, हात चालव." "ए नांदूरघाट, पाल्यासकट जहाजात बसणार हाईस का?" एका गावच्या दोघी असल्या तर एक थोरली आणि दुसरी धाकटी.

एकदा कड्याचा एक साळी आला. म्हातारा, हातमागावर बारीक काठाची लुगडी विणणारा. त्याने हात जोडले. "बाई, एक गठुडं साफ कापूस द्या. बायको सूत काढते. कवडीचं सूत मागावर टिकत न्हाई, तुटतंय." भागाबाईने त्याला उन्हात उभे ठेवले. दुपार झाल्यावर तिने मागच्या ढिगातले एक बारदान त्याच्यासमोर ओतायला लावले. सगळी कवडी होती.

"हे न्हाई म्हणलो मी," साळी म्हणाला.

"चांगला कापूस जहाजात बसायला हाय. तुमाला नुसतं अंग झाकायचं हाय."

साळ्याने कवडी गोळा केली आणि नेली. त्याने पुढे मुंबईचे गिरणीचे सूत घ्यायला सुरुवात केली आणि नंतर माग बंद केला, असे ऐकले. भागाबाईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग बरं झालं. एक माणूस कामाला मोकळा झाला."

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली त्यानंतरच्या हंगामात विलायतेहून मुंबईमार्गे एक कागद आला. मॅनेजरने तो ओट्यावर आणून वाचला. आमच्या छापेच्या गासडीत रंगीत धागा सापडला होता. तो सुतात कातला गेला, कापडात उतरला आणि अख्खा तागा वाया गेला. दुसऱ्या गासडीत काचेचा तुकडा होता, तिसरीत रुईला तांबडा डाग. कागदाला लाखेने एक लाल धागा चिकटवला होता. पुन्हा असे घडले तर या छापेचा माल घेणार नाही, असे शेवटी लिहिले होते.

"छाप गेली तो जिनिंग बंद," मॅनेजर म्हणाला. "फिर तुम लोग भी घर जाव."

भागाबाईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हते. धागा तिने नखाने सोडवला, दोन बोटांत चोळला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि रांगेतून चालत गेली. लिंबागणेशच्या बाईपाशी थांबली. तिच्या लुगड्याचा काठ उसवला होता. भागाबाईने बारदाने फाडायची कात्री मागवली आणि बाई बसलेली असतानाच तिच्या लुगड्याचा काठ एका टोकापासून कापत नेला. बाई दोन्ही हातांनी लुगडे छातीशी धरून बसून राहिली. काठ पुरा निघाल्यावर भागाबाईने तो गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या, कारकून. विलायतेला पाठवा. म्हणावं, बाकीचा धागा बी घ्या."

दुसऱ्या दिवशी तिने ओट्यावर नियम सांगितले. रंगीत लुगडे नको, धागा सुटतो. हातात काच नको, फुटते. कपाळाला कुंकू नको, घामाने रुईला लागते.

बाया कामाचे हात थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या. पांढरे लुगडे, रिकामे हात, कोरे कपाळ. याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नव्हती.

"नवरा जित्ता असताना कपाळ पुसू व्हय?" एकीने विचारले.

"नगं पुसूस. नवऱ्याला घिऊन घरी बस."

"बाई, तुमाला काय कळायचं? तुमचं कवाच पुसलंय."

"म्हणून तर ओट्यावर बसते," भागाबाई म्हणाली. "तुझं कुंकू तुला पोसतंय का, ते घरी जाऊन इचार त्याला."

तीसेक बाया त्याच दिवशी उठून गेल्या. मॅनेजर घाबरला. ऐन हंगामात बाया आणायच्या कुठून? भागाबाईने ते सोपे करून सांगितले. "मानमोडीनं सोय केली हाय, साहेब. गावोगाव इधवा पडल्यात. सांगावा धाडा, आठ दिसांत ओटा भरंल."

ओटा सहा दिवसांत भरला. भरतीसाठी भागाबाई फाटकाशी बसली होती. तिचा एकच प्रश्न असे, "कवा मेला?" उत्तर आले की हात चाचपून बघायची आणि आत सोडायची. एकजण उत्तर देताना रडू लागली. भागाबाई म्हणाली, "रडायचं ते फाटकाभाईर. कापसाला पाणी चालत न्हाई."

नेसायला मॅनेजरने कोऱ्या पांढऱ्या मांजरपाटाचे तागे मागवले. ते विलायती होते आणि नगरच्या नाक्यावरून, म्हणजे गासड्या जात त्याच वाटेने आले. ताग्याच्या टोकाला निळ्या शाईत सिंहाचे चित्र होते. बायांना ते टोक हवे होते, पोरांना दाखवायला. भागाबाईने सगळी टोके कापून बॉयलरमध्ये टाकली. निळी शाईसुद्धा रुईला लागते.

त्या आठवड्यात पारखी आला तेव्हा ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "असा साफ ओटा मी मुंबईतसुद्धा पाहिला नाही." पत्र्याखाली चाळीस पांढऱ्या बाया कापसात हात घालून बसल्या होत्या.

नव्या भरतीत हौसा होती, नांदूरघाटची; आधीची नांदूरघाट उठून गेली होती. वय बाविशीच्या आसपास. कवा मेला, याचे उत्तर तिने मान खाली घालून दिले, "मानमोडीत." तिचा हात विलक्षण होता. इतर बाया बोंड उलटून बघत. ती बघता बघताच टाकायची, आणि तिच्या ढिगात कवडी सापडत नसे. भागाबाईने तिला कधी शाबासकी दिली नाही. पण तिच्या ढिगाशी ती जास्त वेळ थांबू लागली.

रोज सकाळी फाटकाशी भागाबाई प्रत्येकीचे मनगट हाताळायची, काच राहिली नाही ना बघायला. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी तिने हौसाचे मनगट सोडले नाही. अंगठा फिरवला, मग मनगट नाकाशी नेले. मी हजेरीचा कागद घेऊन शेजारीच उभा होतो.

"तेल," भागाबाई म्हणाली. "आन कातडं सोललंय. रोज काढतीस आन रोज भरतीस. मेलेल्यासाठी रोज बांगड्या कोण भरतं गं?"

हौसा तिच्या पायावर पडली. नवरा जिवंत होता. लादलेल्या गाडीवरून पडून त्याचे पाय गेले होते. कड्यातच नदीकाठी एका झोपडीत पडून होता. त्याला संशय येऊ नये म्हणून ती रोज ओढ्यापाशी तेल लावून बांगड्या काढायची, कपाळ पुसायची, आणि परतताना पुन्हा सगळे घालायची. "मला काढू नगा, बाई. दोघं मरू."

भागाबाईने मनगट सोडले. मग म्हणाली, "बांगड्या कुठं हायत?"

हौसाने कमरेची गाठ सोडली. हिरव्या बांगड्या होत्या.

"ह्या दगडावर फोड. आजपासनं घरी बी न्हाई. तेलाचा हात मला ओट्यावर नगं."

हौसाने त्या फाटकाच्या दगडावर फोडल्या. काचा भागाबाईने स्वतः वेचल्या, दगड हाताने पुसला, आणि म्हणाली, "उद्यापासनं माज्या डाव्या अंगाला बसायचं."

ही दया नव्हती, हे मला महिनाभराने समजले. भागाबाईला दिसेनासे झाले होते. सरकी दाताला कळायची, ओलावा ओठाला कळायचा, तंतूची लांबी बोटांना कळायची. पण पिवळा रंग ना दाताला कळतो, ना बोटांना. कवडी ओळखायला डोळाच लागतो. ओटा गेला तर बॉयलरमागची खोली जाणार, आणि खोलीच्या पलीकडे तिला काही नव्हते. म्हणून तिने हौसाचे डोळे घेतले होते. मूठ पिवळी असली की हौसा खोकायची. भागाबाई मूठ फेकायची आणि त्या बाईला गावाच्या नावाने शिव्या द्यायची. ओट्यावर कोणाला पत्ता लागला नाही. मी कोणाला सांगितले नाही. मला कोणी विचारलेही नाही.

हौसाचा नवरा एका दुपारी आला. कापसाच्या गाडीवर बसून आला होता. नांदूरघाटचा एक गाडीवान त्याला घेऊन आला. त्याला खाली उतरवून फाटकाला टेकवून बसवले. तो मोठ्याने बोलत होता. "हौसाचा मालक हाय मी. ती कपाळ पुसून हिंडती म्हणत्यात. खरं हाय का खोटं, तेवढं सांगा."

मॅनेजर अंगणातच होता. तो ओट्याकडे वळला. "कौन है ये? इसकी औरत यहाँ कैसे?"

भागाबाईने मान वळवली नाही. "ए नांदूरघाट, हिकडं ये. फाटकाशी कोण बसलंय?"

हौसा उभी राहिली.

"नीट बघून सांग. साहेब ऐकतोय."

कापूस निवडणारे हात थांबले होते. हौसा म्हणाली, "दीर हाय."

"दीर हाय व्हय?" भागाबाई मोठ्याने म्हणाली. "मंग पाट लावून टाक की त्याच्याशी. घरातलाच हाय, इचारायला लांब जायला नगं."

बाया हसल्या. त्यांना खरे माहीत नव्हते. मॅनेजरही हसला आणि आत गेला. फाटकाशी बसलेल्या माणसाने हौसाकडे बघितले. मग गाडीवानाला म्हणाला, "दीर तर दीर. उचल मला." त्याच गाडीने तो नांदूरघाटला गेला. नदीकाठच्या झोपडीत तो पुन्हा आला नाही.

तीनेक आठवड्यांनी तोच गाडीवान कापूस घेऊन आला आणि कापूस उतरवता उतरवता त्याने निरोप सांगितला. हौसाच्या नवऱ्याने खाणे सोडले होते. गेला. भावकीने दहन उरकले.

हौसाचा हात कापसात होता, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने ती भागाबाईला हळू म्हणाली, "दहाव्याला जाऊन येते."

"कुणाच्या?"

हौसाने हातातले बोंड ढिगात टाकले.

"तुजा नवरा मानमोडीत मेलाय. हजेरीच्या कागदावर हाय. कारकून, हाय का न्हाई?" मी मान हलवली. तसे लिहिलेले होतेच. "एका नवऱ्याचं सुतक दोनदा धरत न्हाईत. आन दीर मेला म्हणून काय दहाव्याला जायाचं नसतं. बस खाली." मग शेजारणीशी बोलावे तशा आवाजात ती म्हणाली, "आता खरी झालीस. आता भ्यायचं कारण न्हाई तुला."

हौसा खाली बसली. त्या दिवशी तिच्या ढिगात एकही कवडी नव्हती. मी मुद्दाम बघितले होते.

हंगामाच्या अखेरीस पारखी पुन्हा आला. काळ्या पाटीवर मूठभर कापूस ठेवून तो भागाबाईसमोर धरायचा, ती निकाल द्यायची, मग तो आपला निकाल द्यायचा. हा त्या दोघांचा जुना खेळ होता. मॅनेजर खुर्ची टाकून बसला होता. हौसा डाव्या अंगाला होती.

पहिली मूठ. हौसा गप्प. "साफ," भागाबाई म्हणाली. बरोबर होते.

दुसरी मूठ. हौसा गप्प. "साफ." तेही बरोबर.

तिसरी मूठ पारख्याने मागच्या बारदानातून आणली. ती इतकी पिवळी होती की टेबलावरून मलाही दिसली. हौसा गप्प बसली.

भागाबाई वाट बघत होती. मग म्हणाली, "साफ."

पारखी हसला. "नीट बघा, बाई. थट्टा पुरे."

तिने मूठ ओठावरून फिरवली. सरकी काढली, दाताखाली धरली. कट असा आवाज आला. "साफ हाय. जहाजात घाला."

पारख्याने पाटी खाली ठेवली आणि तिच्या तोंडासमोर तीन बोटे धरली. "किती?"

भागाबाईने डावीकडे मान वळवली. "हौसा, बोल की." तिने तिला नावाने हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली.

मॅनेजर उठून उभा राहिला होता. त्याने हौसाला विचारले, "तुझे दिखता था ना? बोली क्यूं नहीं?"

"मला कुणी इचारलं न्हाई, साहेब," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हौसा मुकादमीण झाली. बॉयलरमागची खोली तिला मिळाली. भागाबाईने गयावया केली नाही. एवढेच म्हणाली की मुकादमी नको, रांगेत एका कडेला बसू द्या, हात अजून चालतो. मॅनेजरने हौसाकडे बघितले.

"आंधळ्या हाताला केस कळत न्हाई, रंगीत धागा कळत न्हाई," हौसा म्हणाली. "इलायतेवरनं परत कागद यील."

भागाबाईने हे ऐकून घेतले आणि मान डोलावली. "बराबर हाय," ती म्हणाली. बाहेर पडताना तिला फाटक सापडेना. एक बाई हाताला धरायला उठली, तेव्हा हौसाने तिला गावाच्या नावाने हाक मारून खाली बसवले.

दोन वर्षांनी मी गादी भरून घ्यायला कड्याच्या पिंजाऱ्याकडे गेलो. अंगणात कवडीचा ढीग होता आणि ढिगाशी भागाबाई बसली होती. बोंडातला पाला, टरफल बोटांनी काढत होती. गादीच्या कापसाला रंग बघत नाहीत. पिंजाऱ्याची बायको म्हणाली, "अम्मा का हात अच्छा चलता. दो वखत की रोटी देते, ओसरी पे सोती."

माझा आवाज ऐकून भागाबाईने मान वर केली. "कारकून का? गासड्या गेल्या ह्या साली?"

"गेल्या."

"कागद आला का काही?"

"नाही. छाप चांगली चालू आहे."

"चालंल," ती म्हणाली. "तिचा डोळा चांगला हाय."

तिच्या अंगावर हिरवेगार लुगडे होते, लग्नातले असावे. पदरावर हळदीचे डाग होते, काठ लाल होता. गादीच्या खोळीसाठी चिंध्या विकत घेतात, त्यात आलेले, हे पिंजाऱ्याच्या बायकोने मला आधीच हळूच सांगितले होते. भागाबाईने पदर चिमटीत धरला, दोन बोटांत चोळला.

"मांजरपाट न्हाई हे," ती म्हणाली. "मागावरचं हाय, सूत जाड लागतंय. पांढरंच हाय ना, कारकून?"

मी उत्तर देण्याआधी पिंजाऱ्याची बायको म्हणाली, "सफेदच है, अम्मा. कितनी बार पूछते?"

भागाबाईने पदर सोडला आणि पुन्हा बोंडे हातात घेतली.

"मंग बाजारात बाया हसत्यात कशापायी?"

पिंजाऱ्याने कापूस पिंजायचे धनुष्य उचलले आणि त्याची तात वाजू लागली.